जुनं ओबीएम फुल रेसला दम सोडतंय, पावसाळ्याआधी काय काय बघावं?

संगमकाठ:

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातनं लिहितोय. आमच्या गावच्या तरुण मंडळाची चौदा फुटी फायबर बोट आहे आणि तिच्यावर २५ हॉर्सपॉवरचं जुनं ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं बसवायचं मशीन. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं. २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून कोकणातनं सेकंडहँड आणलं. तेव्हाच पंधरा-सोळा वर्षांचं होतं, म्हणजे आता विशी ओलांडली.

तक्रार अशी. गार असताना तिसऱ्या-चौथ्या दोरीला चालू होतं. चोक आत घातला की स्लोला एकसारखं चालतं. अर्ध्या रेसवर तासभर चालवा, काही म्हणत नाही. पण सहा माणसं बसवून फुल रेस दिली की तीन-चार मिनिटं बोट छान उचलते आणि मग आवाज बदलतो. आधी भक्क भक्क करत मिसिंग मारतं, हळूहळू ओढ जाते, बोटीचं नाक खाली बसतं, आणि रेस कमी केली नाही तर बंदच पडतं. दोन मिनिटं थांबून दोरी ओढली की काही झालंच नाही असं चालू. परत फुल रेस, परत तीन मिनिटांनी तेच.

गावातल्या टू-व्हीलरच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर दोनदा साफ केला. प्लग नवे घातले. टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं. काडीचा फरक नाही. आता एकजण म्हणतोय कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं, बोअर करून पिस्टन-रिंगा घाला. ते वीस हजारांच्या आत बसत नाही आणि मंडळाकडं आज नऊ हजार शिल्लक आहेत.

घाई का आहे ते सांगतो. २०२१ च्या जुलैत मळ्यातल्या वस्तीवरनं एक आजी आणि तिच्या दोन शेळ्या घेऊन येत होतो. मध्येच पंख्यात कसला तरी दोर गुंतला आणि मशीन बंद पडलं. ऊस बुडाला की वरनं नुसतं गढूळ पाणी दिसतं, पण शेंडे खाली असतातच. बोट आडवी झाली आणि त्या शेंड्यांवरनं खरवडत लाईटच्या तारांकडं निघाली. तारा माझ्या छातीच्या उंचीला होत्या. लाईन बंद केलेली आहे हे आम्हाला नंतर कळलं. एकानं बांबू उसात रोवला, दोघं त्याला लोंबकळले, तेव्हा कुठं बोट थांबली. आजीनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगड्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. त्या वेळी दोष मशीनचा नव्हता. पण वाहत्या पाण्यात बंद पडलेली बोट कशी असते ते मी बघितलंय, आणि असं तीन मिनिटांनी दम सोडणारं मशीन घेऊन यंदा कुणाला बोटीत बसवायचं माझं धाडस नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की आम्ही बोट देवळापाशी आणून ठेवतो. ४३ फुटांची धोका पातळी गाठली की मग मशीन उघडत बसायला वेळ नसतो. म्हणून आत्ताच विचारतोय. कुठनं सुरुवात करू?

रंकाळावासी:

मला तरी इलेक्ट्रिकचा फॉल्ट वाटतो. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉईल किंवा सीडीआय गरम झाला की ठिणगी कमी होते, गार झाला की परत येते. तुमचं दोन मिनिटांनी चालू होतंय म्हणजे तेच. आणि थंड करणाऱ्या पाण्याची धार मागनं येते का ते बघा. ते पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चक्र, म्हणजे इंपेलर, गेला असेल तर मशीन तापून ओढ सोडतं.

संगमकाठ:

धार जोरात येते. बंद पडायच्या वेळीसुद्धा हात धरून बघितला, पाणी कोमट आहे, चटका नाही. इंपेलर गेल्या मे महिन्यात नवा घातलाय.

उद्यमनगरी:

भावा, पिस्टनला हात लावू नको. माझी तीस वर्षं लेथवर आणि इंजिनांत गेली. तू लिहिलेलं वाचूनच सांगतो, तुझ्या मशीनला पेट्रोल पुरत नाही. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नको, स्वतः खात्री करून घे. एक रुपया लागत नाही.

टाकीपासनं मशीनपर्यंत जो पाईप आहे त्याच्या मध्ये रबरी फुगा आहे, तोच, चालू करायच्या आधी दाबतोस तो. बोट पाण्यात घाल, माणसं बसव, फुल रेस दे. एकजण सुकाणूवर, दुसरा फुगा हातात धरून बसलेला. भक्क भक्क सुरू झालं रे झालं की दुसऱ्यानं फुगा दाबायला लागायचं. फुगा दाबल्यावर मशीन परत उचललं, तर दुखणं टाकी आणि कार्बोरेटरच्या मध्ये आहे. शंभर टक्के. कॉईल फुग्यानं बरी होत नाही. दाबून काहीच फरक पडला नाही तर मग रंकाळावासी म्हणतात तिकडं वळायचं, त्यांची शंका चुकीची नाही. पण कॉईल तापून गेली तर गार व्हायला दोन मिनिटं पुरत नाहीत, आणि ओढ अशी हळूहळू जात नाही, एक सिलिंडर कट्‌कन सुटतो.

त्याच वेळी फुगा हाताला कसा लागतो तेही ध्यानात ठेव. आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर मागं कुठंतरी तुंबलंय. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, नाहीतर टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी भरली असेल. फुगा चपटा नाही पण लुळा आहे, दाबला की सहज दबतो, तर दोनच कारणं. एक तर मशीनमधला पेट्रोल ओढणारा पंप अशक्त झालाय, नाहीतर पाईप कुठनं तरी हवा ओढतोय.

हवेचं तुला समजावून सांगायची गरज नाही. नदीवर मोटर असेलच तुमची. सक्शन पाईपला सुईएवढं भोक पडलं तर तिथनं पाणी गळतं का? गळत नाही. पाईप वरनं कोरडा ठणठणीत, आणि मोटर एअर धरते. डिलिव्हरीला पाणी तुटक तुटक पडतं आणि आपण फूटव्हॉल्व्हला शिव्या देतो. इथंही तसंच आहे. मशीनचा पंप पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. म्हणून पेट्रोल बाहेर गळताना दिसणार नाही, वास येणार नाही, हवा मात्र आत जात राहणार. मेकॅनिकनं कार्बोरेटर दोनदा धुतला तरी फरक का पडला नाही ते यावरनं कळेल. आजार त्याच्या मागं आहे.

आता तीन-चार मिनिटंच का चालतं? २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक फुल रेसला तासाला साधारण दहा लिटर पितं. म्हणजे मिनिटाला १६५ मिली. अर्ध्या रेसला त्याच्या निम्म्यानं भागतं, तेवढं हवा मिसळलेल्या पाईपमधनंही येतं. फुल रेसला दर मिनिटाला पंधरा-वीस मिली जरी कमी पडलं तरी कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उतरत जातं, आणि वाटीत असतं किती, थोडंसंच. ते संपायला तीन मिनिटं लागतात. तू थांबलास की वाटी परत भरते. तुझं मशीन घड्याळासारखं एकच गोष्ट सांगतंय बघ.

हवा आहे की पंप गेलाय ते ओळखायला बाजारातनं फूटभर पारदर्शक नळी आण. कनेक्टर जिथं मशीनला बसतो त्याच्या आत, पंपाच्या आधी ती जोड. फुल रेसला त्यात नजर ठेव. पेट्रोल काचेसारखं भरून चाललं तर लाईन चांगली, पंप उघड. बुडबुडे दिसले तर पंपाला अजून हात लावायचा नाही, टाकीपासनं एकेक सांधा बघत यायचं. आणि पंप उघडायची वेळ आलीच तर एवढं माहीत असू दे: हा पंप कुठल्या कॅमवर चालत नाही. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये दाब आणि ओढ तयार होते, त्या धक्क्यांवर आतला पातळ पडदा थरथरतो आणि पेट्रोल पुढं सरकतं. पडदा कडक झाला की थरथर कमी, पेट्रोल कमी. पडदा फाटला तर पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये जातं आणि एकाच सिलिंडरचा प्लग ओला सापडतो.

एक कळकळीनं सांगतो. हे कळेपर्यंत फुल रेसवर ताणू नको. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमधनंच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलपण कमी, आणि मिश्रण पातळ झालं की पिस्टनचा माथा तापतो. आज पाईपचं दुखणं आहे, असंच रेटलंस तर खरोखर पिस्टन धरेल आणि मग वीस हजार चुकत नाहीत. दोन्ही प्लग काढून रंग बघ. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरट कोरडा असेल तर तुझा सिलिंडर उपाशी आहे.

कॉम्प्रेशनचीही शंका मनात ठेवू नको, मोजूनच टाक. दोन्ही प्लग बाहेर, त्यांच्या टोप्या बॉडीला टेकवून अर्थ केलेल्या, रेस पूर्ण उघडी, गेज लावून दोरी पाच-सहा वेळा जोरात. आकड्यापेक्षा दोघांतला फरक बघायचा. दहा टक्क्यांच्या आत असला तर निवांत झोप.

मालवणी खलाशी:

वरती उद्यमनगरी यांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी चालवतो, आमच्याकडे अशी जुनी टू-स्ट्रोक मशीनं अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलण्यात एवढीच भर घालतो, की हवा ओढायची पहिली जागा म्हणजे पाईपच्या टोकाचा कनेक्टर. त्याच्या आत एक बारीक रबरी रिंग असते. दहापैकी सात वेळा माझ्या हाताला तीच लागलेली आहे. दुसरी जागा फुग्याच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा. प्लास्टिकची पट्टी बांधलेली असेल तर काढून स्टीलची क्लिप घाला.

आता पेट्रोल पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल. वीस वर्षांपूर्वीच्या मशीनचं रबर त्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं. काही रबर फुगतं, काही कडक होऊन तडकतं. तुमच्या जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने, इथेनॉल तुमच्याच मातीतलं आहे, त्याच्याशी भांडण नाही माझं. पण पाईप, फुगा, रिंग आणि पंपाचा पडदा या चार वस्तू नव्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, जुन्या दुकानात पडून राहिलेल्या घेऊ नका.

दुसरं म्हणजे साठवण. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतात आणि पेट्रोल वर राहतं. तुमचं टू-स्ट्रोक ऑईल त्या वरच्या पेट्रोलात असतं, आणि टाकीतली नळी ओढते तळातनं. म्हणजे मशीनला काही क्षण ऑईल नसलेलं पाणी-दारू पाजल्यासारखं होतं. तुमची बोट वर्षातले दहा महिने उभी, म्हणून तुम्हाला हा धोका माझ्यापेक्षा जास्त. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनला दाखवू नका. काम संपलं की पाईप सोडून स्लोवर चालू ठेवा, वाटीतलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेल. आम्ही मोसम संपताना हेच करतो.

ऑईल कुठलं घालता? मोटरसायकलचं टू-टी घालत असाल तर बंद करा. ते हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं. ओबीएमला डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं लागतं. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली, मापानं, अंदाजानं नव्हे.

इंपेलर गेल्या मे महिन्यात घातला म्हणता. आमच्याकडे रेती, तुमच्याकडे पुराचा गाळ, दोन्ही रबर खातात. या वेळी एकदा उघडून पाती बघा.

संगमकाठ:

सगळ्यांना मनापासून नमस्कार. रविवारी सकाळी संगमाच्या वरच्या अंगाला बोट घातली. पाणी संथ होतं. सहाजण, मी सुकाणूवर, धाकटा भाऊ फुगा धरून. साडेतीन मिनिटांनी भक्क भक्क सुरू झालं. ओरडलो, त्यानं फुगा दाबला, आणि काका, मशीन दोन सेकंदांत उचललं. नाक वर, आवाज एकसारखा. तो दाबत राहिला तोवर चाललं, हात थांबवला की अर्ध्या मिनिटात परत तेच. तीनदा करून बघितलं. फुगा चपटा नव्हता, लुळा होता.

काठाला लावून पारदर्शक नळी जोडली. परत पाण्यात. स्लोला एखाददुसरा बुडबुडा. फुल रेसला नळीत पेट्रोल कमी आणि हवाच जास्त, सोड्याच्या बाटलीसारखी. भाऊ म्हणाला, हे एवढं चाललंय तेच नवल.

मग कनेक्टर. आतली रिंग नखानं काढायला गेलो तर ती वाकलीच नाही, मोडली. दोन तुकडे हातात आले. मोडल्या जागी आत चकाकत होती, काचेच्या बांगडीच्या तुकड्यासारखी. तळहातावर घासली तर काळी रेघ उठली. एवढीशी वस्तू, करंगळीच्या नखापेक्षा लहान. आणि आम्ही तिच्यापायी सिलिंडर उघडायला निघालो होतो. फुग्याच्या मशीनकडच्या बाजूला प्लास्टिकची पट्टीच होती, खलाशीदादांनी न बघता सांगितलेली. तिच्याखाली पाईपला उभी चीर होती.

कोल्हापुरात जाऊन पाईप, फुगा, कनेक्टर, पंपाचा पडदा आणि पॅकिंग सगळं नवं आणलं. क्लिपांसकट दोन हजार आठशेला पडलं. फुगा बसवताना बाण मशीनकडं ठेवायचा हे दुकानदारानं बजावून सांगितलं. पंप उघडला तर पडदा फाटलेला नव्हता, पण नव्याशेजारी ठेवल्यावर फरक कळला. नवा बोटानं दाबला तर परत वर येतो, जुना दाबला तसाच राहतो.

गेज शेजारच्या गावच्या गॅरेजमधनं मागून आणलं. वरचा सिलिंडर ११५, खालचा ११०. वरच्या प्लगचा रंग मात्र पांढरट होता, खालचा तपकिरी. काका, तुम्ही उपाशी म्हणालात तो हाच असणार. इंपेलरही उघडला. दोन पात्यांची टोकं झिजलेली आणि पंपाच्या पेल्यात गाळाचा थर. नवा मागवलाय. ऑईल मोटरसायकलचंच घालत होतो. दोन वर्षं. ते आता बंद.

काल संध्याकाळी आठजण बसवून प्रवाहाच्या उलट २२ मिनिटं फुल रेसला चालवलं. घड्याळ भावाच्या हातात होतं. एकदाही अडखळलं नाही. पाचव्या मिनिटापासनं बोटीत कुणी बोलत नव्हतं, सगळे कान देऊन बसले होते.

शेवटची एक शंका. ती पारदर्शक नळी तशीच ठेवली तर चालेल का? पुरात चालवताना हवा येते का ते डोळ्यांना दिसत राहील.

उद्यमनगरी:

नाही. आजच काढ. ती साधी नळी पेट्रोलनं आठ-पंधरा दिवसांत कडक होते, उन्हानं तडकते, आणि ती झाकणाखाली गरम मशीनच्या अंगाला आहे. तडकली तर पेट्रोल ठिणगीच्या शेजारी सांडेल. तपासायला आणली, तपासून झालं, संपलं तिचं काम.

११५ आणि ११० म्हणजे मशीन ठणठणीत आहे. पिस्टनचे पैसे वाचले त्यातनं एक अख्खा पाईप फुग्यासकट जादा घेऊन बोटीत ठेव. पुरात सांधा शोधत बसायचं नसतं, जुना पाईप उपसायचा आणि नवा खटकन लावायचा. सोबत दोन प्लग, प्लगचा पाना, पंख्याची खीळ आणि नट, आणि दोर कापायला धारेचा सुरा दोरीनं बोटीला बांधून. २०२१ ला तो सुरा होता का जवळ?

संगमकाठ:

नव्हता. दातांनी आणि विळ्यानं सोडवला होता दोर, तोही तारांपासनं पंधरा फुटांवर थांबल्यावर.

नळी काढली. जादा पाईप उद्या आणतोय, सुरा आजच बांधला. बांबू तेव्हापासनं बोटीतच असतो, यंदा दोन ठेवलेत.